न्हाणीतला वास येतो कुठून?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण. बोलणारे कार्यकर्ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यावरचे आहेत.)



समुद्राकाठच्या माणसाने कापूस-ज्वारीच्या मुलखात यावे आणि संडासाच्या वासावर बोलावे, हे ऐकून मागच्या रांगेतले काहीजण हसले. हसा. आमच्याकडेही हसतात. पण ज्या घरात दिवेलागणीला न्हाणीच्या जाळीवर ओले गोणपाट टाकून वर दगड ठेवावा लागतो, त्या घरातली बाई हसत नाही. तिला तिथेच शेजारी स्वयंपाक करायचा असतो.

तुमच्या गावातली गोष्ट तुम्हीच सांगा. २०१४ सालच्या ऑक्टोबरपासून स्वच्छ भारत योजनेत एका संडासाला बारा हजार रुपये मिळाले. त्या पैशात भिंती उभ्या राहिल्या, पत्रे पडले, दाराला रंग लागला. त्यातल्या किती संडासांत आज माणूस बसतो आणि कितींत पऱ्हाटी, गोवऱ्या आणि फवारणीचा पंप ठेवलेला आहे? विचारले तर उत्तर येते, ‘वास येते जी, बसवत नाही.’ अधिकारी म्हणतो, लोकांना सवय नाही. मी म्हणतो, सवयीचा प्रश्न नंतर. ज्या जागी नाक धरून जावे लागते तिथे शहाणा माणूस कशाला जाईल? वास हे कामचुकार बांधकामाचे प्रमाणपत्र आहे. ते ज्याचे त्याच्या हातात दिले पाहिजे.

आता आमच्याकडचे सांगतो. २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत मैदानी जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला. सत्कार झाले, हार पडले. पण पहिला नंबर आला म्हणून वास गेला नाही, उलट वाढला. कारण सोपे आहे. पूर्वी कोकणातल्या घराचा संडास परसात, माडाच्या पलीकडे असे. वास आला तरी तो वाऱ्यावर जाई. आता तो घरात आला. तारकर्लीला, देवबागला पर्यटक येऊ लागले, घराघरात न्याहारीसह खोल्या द्यायला सुरुवात झाली आणि पाहुण्याला खोलीला लागूनच संडास-न्हाणी हवी असते. पाहुणा रात्री माशाचे जेवण जेवून खूश होतो आणि पहाटे न्हाणीतून सडक्या अंड्याचा वास आला की दोन दिवसांचे भाडे सोडून दुसऱ्या घरी जातो. तुमच्याकडे वास आला तर घरातली बाई सोसते, आमच्याकडे गिऱ्हाईक जाते. म्हणून आम्हाला हे शिकावे लागले. बाईने सोसले तर ते कोणी शिकत नाही, हे इथे बसलेल्या पुरुषांनी मनात लिहून ठेवावे.

वास म्हणजे काय ते आधी बघू. टाकीत मैला पडतो, तिथे हवा नसते. हवा नसताना जगणारे जंतू तो मैला कुजवतात. त्यातून मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. पहिल्या दोन वायूंना वास नाही. सडक्या अंड्याचा जो वास तुम्हाला येतो तो तिसऱ्याचा. कुजताना गॅस होणारच, टाकी कितीही चांगली बांधा. गोबरगॅसमध्ये आपण हेच मुद्दाम घडवून आणतो. म्हणजे प्रश्न गॅस होऊ नये असा नाहीच. गॅस झाला तर त्याने कुठल्या वाटेने जायचे, एवढाच प्रश्न आहे. त्याला वर आकाशाकडे वाट दिली तर तो तिकडे जातो, नाही दिली तर तुमच्या न्हाणीत येतो.

आमच्या किनाऱ्यावर हा वास जास्त का, याचेही कारण आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. काही जंतू त्या सल्फेटाचाच हायड्रोजन सल्फाइड करतात. विहिरीचे मचूळ पाणी संडासात वापरले किंवा भरतीच्या दिवसांत खारे पाणी जमिनीतून टाकीत झिरपले की वास दुप्पट. तुमच्यापैकी जे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले आहेत त्यांनी हे नीट ऐकावे. ज्या बोअरच्या पाण्यात सल्फेट आहे, ते संडासात ओतले तर समुद्र पाचशे किलोमीटर लांब असून काही फरक पडत नाही.

आता गॅस घरात शिरतो तो कुठून? पहिली वाट जाळीची. न्हाणीच्या जाळीखाली वाकडे भांडे असते, त्यात पाणी साठून राहते. ते पाणी म्हणजे बूच. प्लंबरच्या दुकानात त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी सामानाच्या यादीत आपल्या आजीचा शब्द जाऊन बसला आहे, तेवढाच आनंद. या बुचात दोन इंच तरी पाणी उभे पाहिजे. संडासाच्या भांड्याखाली जी हंसासारखी वळलेली मान असते तिच्यातही असेच पाणी असते. हे पाणी आहे तोवर गॅस वर येत नाही. पाणी आटले की दार उघडे.

आणि ते आटते! आमच्याकडे पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, पाहुणे थांबतात, खोल्यांना कुलूप लागते. गणपतीला खोली उघडली की आत जाववत नाही. मालक म्हणतो टाकी भरली, टाकी उपसा. टाकीला काही झालेले नसते, बुचातले पाणी उडून गेलेले असते. तुमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तर दोन-तीन आठवड्यांतच उडेल. पाहुण्यांसाठी बांधलेली वेगळी न्हाणी, लेक-जावई आले की उघडायची, तिच्यात हेच होते. उपाय काय? आठवड्याला एक तांब्या पाणी. लांब जायचे असेल तर पाण्यावर दोन चमचे खाण्याचे तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी उडू देत नाही. आम्ही खोबरेल सोडतो, तुम्ही घरात असेल ते सोडा. सगळ्यात जास्त तक्रारी एवढ्यावर मिटतात, आणि यात कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून हे कोणी सांगत नाही.

काही ठिकाणी मात्र बूच बसवलेलेच नसते. गवंड्याने सरळ पाईप टाकला, वर स्टीलची चकचकीत जाळी बसवली, झाले काम. माझ्या ओळखीच्या एका घरात तीन न्हाण्या आणि एकीतही ट्रॅप नाही. बिलात मात्र तीन ट्रॅप होते. जाळी उचला आणि बॅटरी मारून बघा. पाणी चकाकले पाहिजे. नाही चकाकले तर त्या गवंड्याला परत बोलवा.

दुसरी वाट अशी की बूच आहे, पाणी आहे, तरी वास येतो. तेव्हा कान द्या. संडासात बादली ओतल्यावर न्हाणीच्या जाळीतून ‘गुडगुड’ आवाज येतो का? येत असेल तर ओळखा, की पाईपातून जोरात जाणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते आहे आणि हवा मिळाली नाही म्हणून तुमच्या बुचातले पाणी ओढून नेते आहे. म्हणजे हवेचा पाईप नाही, किंवा आहे पण बंद आहे.

हवेचा पाईप ही या सगळ्या गोष्टीतली मुख्य चीज. भारतीय मानक सांगते की टाकीला कमीत कमी ५० मिलिमीटर व्यासाचा हवेचा पाईप हवा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर त्या पाईपाचे तोंड घराच्या माथ्याच्या वर दोन मीटर पाहिजे. आपल्या सगळ्यांच्याच टाक्या १५ मीटरच्या आत असतात. आणि पाईप कुठे संपतो? खिडकीच्या उंचीला! आमच्याकडे दुपारी समुद्राचा वारा पश्चिमेकडून घरात येतो आणि रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. पाईप पश्चिमेला असेल तर दुपारी वास, पूर्वेला असेल तर पहाटे वास. लोक पाईपाची दिशा बदलत बसतात. दिशा बदलू नका, उंची वाढवा. पीव्हीसीचा एक तुकडा आणि दोन क्लॅम्प लागतात.

इथे एक गंमत सांगतो. गंमत कसली, तापच आहे. डास टाकीत अंडी घालतात म्हणून आरोग्य खाते सांगते, हवेच्या पाईपाला जाळी बांधा. अगदी बरोबर सांगते. पण माणूस काय करतो? जाळी आणायला कोण जातो म्हणून खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद गुंडाळतो आणि सुतळीने आवळतो. डासही बंद आणि हवाही बंद. त्या दिवसापासून न्हाणीत वास सुरू. मग फिनाईल, मग डांबराच्या गोळ्या, मग उदबत्ती. भावांनो, जाळी म्हणजे जाळी. मच्छरदाणीचा जुना तुकडा चालतो. आणि वर्षातून एकदा बघा, कोळ्यांनी घर केले की तीही बुजते.

कुठल्या वाटेने वास येतो ते कळत नसेल तर रात्री झोपताना घरातल्या प्रत्येक जाळीवर ओला कपडा आणि वर प्लास्टिक टाकून ठेवा, संडासाच्या भांड्यावरही टाका. सकाळी एकेक उघडून वास घ्या. जिथे नाकात येईल ती वाट. सगळ्या बंद असूनही वास असेल तर तो खिडकीतून, म्हणजे हवेच्या पाईपातून किंवा टाकीच्या झाकणाच्या फटीतून येतो आहे. फट सिमेंटने कायमची बुजवू नका, उद्या उपसताना फोडावी लागते. चिकणमाती आणि चुन्याने लिंपा.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि इथे तुमचे-आमचे दुःख एक होते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ नसते. टाकी फक्त गाळ खाली बसवते. जंतू पाण्याबरोबर बाहेर येतात आणि ते पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरायचे असते. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली रेतीची चिंचोळी पट्टी. तिथे पाणी मुरते खूप, पण मुरून जाते कुठे? शेजाऱ्याच्या विहिरीत. मानक म्हणते शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. देवबागात काहींचे अख्खे आवार साठ फूट नाही. त्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. श्रावणात विहिरीला हात घातला की पाणी लागते. शोषखड्डा खालून भरतो, टाकीचे पाणी बाहेर जात नाही, पाईपात चढते, आणि न्हाणीत उलटे येते. त्या दिवसांतला वास वेगळा ओळखायचा. पाऊस थांबल्यावर आठवड्याने कमी होतो तो हा.

तुमची काळी जमीन याच्या उलट वागते आणि शेवटी तेच करते. पाऊस पडला की काळी माती फुगते, तिची छिद्रे मिटतात, शोषखड्डा घागरीसारखा भरून राहतो. आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून घाण पाणी थेट विहिरीकडे धावते. शिवाय फुगण्या-आकसण्यात टाकीची भिंत तडकते ती वेगळीच. म्हणून काळ्या जमिनीतल्या खड्ड्याला भिंतीच्या बाहेरून चारी बाजूंनी एक फूट जाडीचा रेतीचा, खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यायचा असतो. हे सरकारी पुस्तकात छापलेले आहे. किती जणांच्या खड्ड्याला तो थर आहे, हात वर करा. ... बरे, दोन हात दिसले. पुस्तकात छापलेले खड्ड्यापर्यंत येत नाही, कारण रेतीचे पैसे अंदाजपत्रकात असतात आणि रेती ट्रॉलीत नसते.

आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी टाकीत सोडू नका. साबणाचे आणि भरमसाट पाणी आले की गाळ बसायला वेळच मिळत नाही. आम्ही ते माडाच्या, केळीच्या आळ्यात सोडतो. तुम्ही परसातल्या झाडांना द्या.

‘टाकी भरली’ हा शब्दही जरा तपासून घ्या. सेप्टिक टाकी नेहमीच भरलेली असते. बाहेर जाणाऱ्या नळीपर्यंत पाणी असणारच. बघायचे ते गाळ किती साठला हे. लांब बांबूच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळून तळापर्यंत घाला आणि वर काढून बघा, काळा चिखल कुठपर्यंत लागला. पाण्याच्या निम्म्या उंचीपर्यंत आला असेल तर यंत्राची गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसणे बरे. हे करताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा आणि विडी-काडी लांब ठेवा, मिथेन पेट घेतो.

बाजारात पुड्या मिळतात, ‘टाकीत टाका, वास गायब’. कोणी सांगतो शेणाचा काला ओता. लागणारे जंतू मैल्यातच असतात, ते विकत आणायची गरज नाही, आणि शेणाने गाळ मात्र वाढतो. अ‍ॅसिड ओतले तर जे जंतू काम करतात तेच मरतात. आणि एक गोष्ट कधी करू नका. संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन निघतो. बंद न्हाणीत तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आलो ते बोलतो. ज्वारीवाल्यांनो, तुम्हाला पेव माहीत आहे. जुन्या माणसांनी पेव उघडले की लगेच कोणाला आत उतरू दिले नाही. तोंड उघडून ठेवायचे, आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस सोडायचा नाही. बंद पेवातली हवा माणूस मारते, हे तुमच्या आज्याला शाळेत न जाता कळत होते. टाकीतली हवा पेवाहून वाईट. इथे कंदीलही सोडायचा नाही, कारण भडका उडेल. आणि नाकावरही विसंबायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेत दहा लाखांत शंभर भागांवर गेला की नाकच बधिर होते. माणूस म्हणतो, ‘आता वास येत नाही, गॅस गेला.’ गॅस गेलेला नसतो, नाक गेलेले असते. सात-आठशे भागांवर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. मग त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. वर्तमानपत्रात अशा बातमीत बहुधा एक मृत्यू नसतो, दोन असतात, तीन असतात. कोणी पडला तर उतरू नका. झाकणे सगळी उघडा, माणसे गोळा करा, वरूनच दोर टाका, अग्निशमनवाल्यांना बोलवा.

हाच गॅस टाकीच्या छताला ओल धरली की तिथे गंधकाचे आम्ल होऊन सिमेंट खातो. दहा-पंधरा वर्षांच्या टाकीवर बैल बांधू नका, पोरे खेळू देऊ नका, कापसाची गाडी तर चढवूच नका.

आणि पाचशे रुपये देऊन कोणाला आत उतरवणार असाल तर तो गुन्हा आहे. २०१३ चा कायदा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाख भरपाई सांगितली, २०२३ साली ती तीस लाख केली. उतरवला कोण जातो हे गावात सगळ्यांना माहीत असते, जात विचारावी लागत नाही.

याच कामासाठी आमच्या कोकणात एक माणूस आयुष्यभर झिजला. आप्पासाहेब पटवर्धन, जन्म १८९४, गेले १९७१ साली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला उचलण्याचे काम मागितले. सरकारने ‘तुमच्या जातीचे हे काम नव्हे’ म्हणून नाकारले, तेव्हा त्यांनी अन्न सोडले आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास धरला. पुढे १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम उभा राहिला आणि तिथे त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास केले. आम्हा शेतकऱ्यांना ही दुसरी बाजू जास्त कळायला हवी. सोनखत हा शब्द आपलाच. मोठी टाकी बांधून सोने कुजत ठेवायचे, वास सोसायचा आणि वर युरियाच्या रांगेत उभे राहायचे, हा हिशेब मला जमत नाही.

म्हणून ज्यांनी अजून बांधले नाही त्यांना सांगतो, खेड्यात मोठ्या टाकीच्या मागे लागू नका. दोन खड्ड्यांचा संडास करा. एक खड्डा भरेपर्यंत वापरायचा, मग मैला दुसऱ्यात वळवायचा आणि पहिला दोन वर्षे बंद ठेवायचा. दोन वर्षांनी उघडाल तर कोरडे, मातीसारखे खत निघते, त्याला वास नसतो आणि आत माणूस उतरवावा लागत नाही. गॅस आजूबाजूच्या मातीत मुरतो, हवेचा उंच पाईपही लागत नाही. भांडे उताराचे घ्या, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. फेब्रुवारीत टँकर बघणाऱ्या गावाला हे सांगायला नको. काळ्या मातीत खड्ड्याभोवती रेतीचा थर मात्र चुकवू नका, आणि विहिरीपासून लांब. ज्यांच्या गोठ्यात चार जनावरे आहेत त्यांनी संडास गोबरगॅसला जोडावा. आमच्या कुडाळ तालुक्यात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने घरोघरी गोबरगॅस उभे केले आहेत, जाऊन बघा. जो गॅस न्हाणीत नाक जाळतो तोच चुलीवर चहा करतो आणि जळाला की सडक्या अंड्याचा वास राहत नाही.

ज्यांच्या घरी टाकी आहेच, त्यांनी आज घरी गेल्यावर जाळी उचलून बॅटरी मारावी आणि छपरावर पाईपाचे तोंड बघावे. दारामागे खडूने टाकी उपसल्याची तारीख लिहा, जशी ट्रॅक्टरच्या ऑइलची लिहिता. माझ्याजवळ एक ट्रॅप, पाईपाचा तुकडा आणि जाळी आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर कडुनिंबाखाली मांडून ठेवतो. बायकांनी आधी यावे, प्रश्न त्यांच्याजवळ जास्त आहेत.